चहा होईपर्यंत सेल बाहेर

२ फेब्रु. १९९९, मंगळवार

बारामतीहून इंदापूरला दवाखान्याच्या समितीची बैठक. एस.टी. उसाच्या बैलगाड्यांमागे अडकली, तरी मी वेळेवर. डॉ. रणवरे दवाखान्याच्या आवारातच राहतात, ते वीस मिनिटं उशिरा. मी मेट्रन होते तेव्हा असा डॉक्टर दारातच उभा राहिला असता.

विषय नवा. समितीवरचे तात्या (डाळिंबवाले) यांच्या अमेरिकेतल्या मुलानं, अनिलनं, तळहातावर मावणारे दोन संगणक पाठवलेत. दोन वेगळ्या जातींचे. पुण्याहून आपल्या वॉर्डात शिकायला येणाऱ्या मेडिकलच्या मुलांसाठी. आपण त्यातला एक पसंत करायचा, तो तसेच वीस पाठवणार. तात्या एक हातात घेऊन म्हणाले, "बाई, ह्या डबीत अख्खा वॉर्ड मावतोय म्हणं."

डॉ. रणवऱ्यांनी पाहताक्षणी निवड केली. एकाला बारीक बटणं आहेत, दुसऱ्याला काच. त्या काचेवर प्लास्टिकच्या काडीनं लिहायचं. "मॅडम, काडीवालाच. हेच भविष्य आहे."

म्हटलं, असेल. मी साडीसुद्धा दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघते. आधी तीन आठवडे वॉर्डात चालवू.

ठरलं. परीक्षा मी घेणार.

५ फेब्रु., शुक्रवार

अनिलनं पाठवलेली दोन्ही माहितीपुस्तकं वाचून काढली. इंग्रजी बरं, पण पाल्हाळ फार. आमच्या शाळेतल्या मदर सुपीरियरनी निम्मं लाल शाईनं खोडलं असतं. सिस्टर लोकांसाठी मराठीत दीड पान उतरवलं. सुरू कसं करायचं, नोंद कशी करायची, कशानं पुसायचं. सेल बदलण्याचं पान गाळलं. सेल बदलायला कुणाला शिकवावं लागतं?

८ फेब्रु., सोमवार

यंत्रं वाटली. या तुकडीतल्या दोन मुली निवडल्या. काडीवालं वैशाली कोकरेला, स्त्री-विभागात. सुप्याची. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडील आता कारखान्यात. बोलते कमी. बटणवालं मेघनाला, पुरुष-विभागात. पुण्याची, आई-वडील दोघं डॉक्टर. बोलते भरपूर.

डॉ. र. यांनी फर्मान काढलं: दोघींनी केसच्या नोंदी आता फक्त यंत्रात करायच्या, वही बंद. "दोन्हीकडे लिहिलं तर परीक्षा कसली?" मला पटलं नाही, पण तर्क बरोबर होता. मान्य केलं. या नोंदी पाहूनच ते शेवटी पोस्टिंग पूर्ण झाल्याची सही देतात. सही नाही तर दोन महिने पुन्हा, म्हणजे कॉलेजची परीक्षा हुकली.

माझंही एक फर्मान: शनिवारी घरी जाताना यंत्र वॉर्डच्या कपाटात. परदेशातली वस्तू एस.टी.च्या गर्दीत फिरायला नको. किल्ली सिस्टर शांताकडे. शांता माझ्याच हाताखाली तयार झालेली, चिंता नाही.

११ फेब्रु., गुरुवार

इंदापूर. परीक्षेचे माझे मुद्दे: एप्रनच्या खिशात मावतं का (दोन्ही मावतात). खाटेवर वाकलं की खाली पडतं का (काडीवालं दोनदा पडलं, फुटलं नाही). व्हरांड्यातल्या उन्हात दिसतं का (दोन्ही दिसत नाहीत, सावलीत जावं लागतं). हातमोजे घालून चालतं का (बटणवालं नाही. बटणं मुंगीसाठी केलीत).

वॉर्डात दोघींची नावं पडलीत, काडीवाली आणि बटणवाली. मेघनाला राग येतो. वै. हसते.

वै. नोंद करत होती. खाटेवरची नरसिंहपूरची म्हातारी म्हणाली, "पोरी, दुखतंय मला आन् नाडी त्या डबीची बघती व्हय?" वै.नं यंत्र खिशात टाकलं, म्हातारीचा हात धरून बसली, सगळं ऐकलं. नोंद नंतर बाहेर येऊन केली.

हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. घातला.

१६ फेब्रु., मंगळवार

खरं सांगायचं तर काडीवाली डबी मलाही आवडू लागली आहे. वै. तिच्यावर भराभर लिहिते. औषधांच्या मात्रांचा तक्ता दोन टिचक्यांत समोर. डॉ. र. यांचंच म्हणणं बरोबर निघणार असं दिसतं. वाईट वाटतं, पण खोटं लिहिणार नाही.

२२ फेब्रु., सोमवार

अकरा वाजता स्त्री-विभागात पोचले. वै. कपाटापाशी उभी, हातात काडीवाली. मागच्या आठवड्यात दोघींना रविवारीही ड्यूटी होती, यंत्रं खिशातच; या शनिवारी पहिल्यांदाच ती कपाटात ठेवून घरी गेल्या. आज सकाळी वै.नं सुरू केलं तर आत काही नाही. दोन आठवड्यांचे सगळे पेशंट गेले. तक्ता गेला. यंत्र विचारतंय, आज तारीख काय.

मेघनाचं त्याच कपाटातलं. सगळं जागच्या जागी.

तेवढ्यात तापाचं मूल आलं. वै.नं डोळे पुसले, मुलाला काट्यावर ठेवलं, वजनावरून मात्रा तोंडी काढली. मी मनात ताडून पाहिली. अचूक.

२३ फेब्रु., मंगळवार

डॉ. र. यांच्या खोलीत. वै. उभी, मी बसलेली.

"कपाट एक, शनिवार एक. मेघनाचं शाबूत, तुझंच कोरं. कुठलं बटण दाबलंस?"

"सर, त्याला बटणंच नाहीत."

"उलट बोलू नकोस. नोंदी नाहीत तर सही नाही." मग माझ्याकडे वळून, इंग्रजीत, तिला कळणार नाही अशा समजुतीनं (मेडिकलच्या मुलीला!): घरी मेंढरं मोजणाऱ्यांच्या हाती असली यंत्रं देणं हीच चूक.

मी मराठीत उत्तर दिलं, तिला ऐकू जाईल असं. "डॉक्टर, मेंढरं मोजताना एक चुकलं तर त्या घरात रात्री कुणी जेवत नाही. तुमच्या वॉर्डात पेशंट मोजताना एक चुकला तर तुम्ही जेवता ना?"

बाहेर आल्यावर वै. म्हणाली, "बाई, कशाला बोललात? आता तर अजिबातच सही देणार न्हाईत." रागावली की बोलण्यात सुपं गाव बाहेर येतं. मला आवडलं.

पण प्रश्न उरतोच. तिनं काही केलं नाही याची मला खात्री आहे. मग केलं कुणी?

२५ फेब्रु., गुरुवार

सापडलं. लिहायला हात वळत नाही.

दुपारी कापूस हवा म्हणून वॉर्डचं कपाट उघडायला गेले. खिडकीत एनॅमलचा ट्रे, त्यात सेल ओळीनं उन्हात मांडलेले. टॉर्चचे जाडे सहा. शेजारी पेन्सिल सेल चार.

"शांता, हे बारके कशाचे?"

"भिंतीवरच्या घड्याळाचे, बाई. उन्हात ठेवले की अजून महिनाभर जातात."

"आणि शनिवारी? त्या दोन यंत्रांचे सेल काढले होतेस?"

"काढले की. दोन्हींचे. सोमवारी सकाळी पोरी यायच्या आत परत घातले." आणि मग अगदी अभिमानानं, "तुमचाच नियम, बाई. सातवा."

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला माझ्याच अक्षरात, दवाखाना सुरू झाला तेव्हा चिकटवलेले बारा नियम. ७: वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत. सबब चालणार नाही.

तो नियम मी उगाच केला नव्हता. सरकारी नोकरीत असताना एका बाळंतपणात लाइट गेले, टॉर्च घेतला तर आतले सेल पाझरून सगळं गंजलेलं. मेणबत्तीवर मूल बाहेर काढलं. तेव्हापासून माझ्या वॉर्डात रिकामा टॉर्च हीच शिस्त. शांतानं ती तंतोतंत पाळली.

घरी येऊन पुस्तकं काढली. गाळलेलं पान. काडीवालीचं: सेल बदलताना मिनिटाच्या आत नवे घालावेत, नाहीतर आतलं सगळं पुसलं जातं. बटणवालीचं: मनगटी घड्याळात असतो तसा एक चपटा सेल आत वेगळा बसवलेला आहे, मोठे काढले तरी तो आठवण सांभाळतो.

नियम माझा. पान मी गाळलं. यंत्र कपाटात ठेवायला मीच सांगितलं. या गोष्टीत वै.नं फक्त एक केलं, माझं ऐकलं.

२६ फेब्रु., शुक्रवार

कुणालाच ठाऊक नाही. शांताला अजूनही संबंध लागलेला नाही. गप्प राहिले तर माझी अब्रू शाबूत.

दहा मिनिटं हा विचार केला, तोही लिहून ठेवते. मदर सुपीरियर म्हणत, चूक उभं राहून सांगायची. बसून सांगितलेली धरली जात नसे. अनेकदा उभी राहिले आहे तिथं. गुडघे तेव्हा बरे होते.

२ मार्च, मंगळवार

समिती. दोन्ही यंत्रांत सर्वांसमोर तात्यांचं नाव घातलं. मग दोन्हींचे सेल काढून बशीत ठेवले आणि चहा मागवला. डॉ. र. म्हणाले, "मॅडम, हा काय जादूचा प्रयोग?" म्हटलं, चहा घ्या.

चहा संपला. सेल घातले. काडीवालीनं तारीख विचारली. बटणवालीत तात्या होते.

तात्या खूश. "हिच्या ध्यानात हाय की मी! आन् ही दुसरी, चहा पिऊस्तोवर इसरली? माज्या ट्रॅक्टरची बॅटरी काढली तर ट्रॅक्टर काय रान इसरतो व्हय?"

मग मी उभी राहिले. नियम सात, गाळलेलं पान, कपाट, सगळं सांगितलं. शांता दारात होती, रडायला लागली. तिला म्हटलं, तू नियम पाळलास, नाक पूस.

डॉ. र.: "ही डबी जरा जपून वापरली तर..."

"डॉक्टर, इथं लाइट जातात, सेल उन्हात वाळवतात, बदली सिस्टरला कुणी काही सांगत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई, मी पान गाळलं. आम्हाला आमच्यापासून वाचवेल असं यंत्र हवं."

बटणवाली ठरली. डॉ. र. यांचा विरोध नोंदवून. तात्या रात्री अनिलला फोन करणार. मुंगीच्या बटणांबद्दल शिव्या मला खाव्या लागतील, खाईन.

वै.च्या सहीचं काढलं तर म्हणाले, "कारण काहीही असो, नसलेल्या नोंदींवर मी सही कशी करू?" मुद्दा चोख होता. म्हणून जास्त राग आला.

५ मार्च, शुक्रवार

तीन दिवस वै., शांता आणि मी रेकॉर्डच्या खोलीत. वॉर्डचे केसपेपर काढले. वै.ला पेशंट खाटेच्या क्रमानं पाठ, नरसिंहपूरच्या म्हातारीचा दुखरा गुडघा डावा की उजवा इथपर्यंत. प्रत्येक नोंद केसपेपरशी ताडून वहीत उतरवली. मेघना न सांगता येऊन बसली, रेघा मारून दिल्या. बोलली भरपूर.

नियम सातपुढे शाईनं लिहिलं: फक्त टॉर्चचे. खाली सही आणि तारीख.

६ मार्च, शनिवार

वही डॉ. र. यांच्या टेबलावर ठेवली. सोबत माझं पत्र: चूक माझी, शिक्षा मुलीला नको, हवं तर मला समितीतून काढा. त्यांनी वही उघडली. दोन पानं वाचली, मग तिसरं, जरा सावकाश. "हे तिनं आठवून लिहिलं?"

"आठवून लिहिलं, केसपेपरवरून तपासलं."

"पाहू," म्हणाले, आणि वही मिटली. फाइलमध्ये मात्र टाकली नाही.

वै. फाटकापाशी उभी होती. "काय म्हणाले, बाई?"

"पाहू म्हणाले."

"म्हंजे?"

"म्हणजे अजून नाही म्हणाले नाहीत."

तिची सुप्याची एस.टी. आधी आली. माझी यायला तासभर होता. पोस्टिंग तेराला संपतं.

माझं शाईचं पेन डॉ. र. यांच्या टेबलावर, त्या वहीवरच ठेवून आले, टोपण काढून. मंगळवारी ते आणायला जायचं आहे.