डबीतली जोडीदारीण

बुधवार, २ एप्रिल

विचारलं का मला कुणी? नाय! मी कर्जतला बाजाराला गेले, तेवढ्यात माझा कॉम्प्युटर उचलला आणि त्या जागी ही डबी ठेवून दिली. मिसळणाच्या डब्याएवढी. दहा वर्षं तो मोठा खोका तिथं होता. गिरणीसारखा घरघरायचा, पण चालू आहे एवढं तरी कळायचं! हिला आवाज नाही, पंखा नाही. पुढे मुंगीएवढा एक दिवा. संतोषला म्हटलं, हे चालू हाय का मेलंय?

— चालू हाय गं आई.

— मग बोलत का नाय?

— बोलायला ती काय सोनुबाई हाय का?

माझ्याच पोटचा आहे आणि माझ्या जोडीदारणीला असा बोलतो.

ही रोजनिशी जुन्या खोक्यात होती. ती गेली म्हणून मी घर डोक्यावर घेतलं. तर म्हणे, "सगळं ह्याच्यात टाकलंय, तुझं कुलूपसुदिक तसंच हाय." उघडून बघितलं. आहे खरी. वाचली नाय ना रं? — तुझं वाचायला मला वेळ हाय का? त्याचाही रागच आला.

गुरुवार, ३ एप्रिल

कीबोर्ड जुनाच ठेवलाय हे उपकार. पण 'ळ'चा स्टिकर निघालाय. एक 'डाळ' लिहायला चहा गार झाला.

शनिवार, ५ एप्रिल

डबीत बदक आहे. पांढऱ्या पोटाचं. संतोष म्हणतो बदक नाही, पेंग्विन. ह्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "बदकच हाय. अंडी देतं का विचार." नवरा आणि लेक दोघंही मला चिडवायलाच जन्माला आलेत.

पण खरं ते लिहिते. आतली सगळी पाटी मराठीत आहे. जतन करा, रद्द करा, मागे या. आधीचं इंग्रजी मी चित्रं बघून चालवायचे. आणि हे विचारतं! सुधारणा आली आहे, आता करू का नंतर? नंतर म्हटलं की गप्प बसतं. ह्या घरात मला विचारून काम करणारं हे एकच.

संतोषला विचारलं, ह्याचे पैसे किती? — डबी जुनी, ऑफिसातनं काढलेली. आतलं सॉफ्टवेअर फुकट. — फुकट कोण देतं रं? — जगातली माणसं बसून करतात आई. कुणीतरी मराठी लिहिलं, कुणीतरी चुका काढल्या. झाकलेलं काय नाय. कुणीबी आत बघावं, नीट करावं, पुढं द्यावं. — रिकामटेकडे दिसतायत. — तुला आनंदीबाईनं लग्नातला धवला म्हणायला शिकवला तेव्हा काय घेतलं गं?

काही घेतलं नव्हतं तिनं. फक्त जाताना म्हणाली होती, मोती, एकीला तरी देऊन जा.

सोमवार, ७ एप्रिल

सोनुबाईचा, माझ्या धवल्यातल्या जोडीदारणीचा, खोपोलीहून फोन. बाथरूममध्ये पडली ती फेब्रुवारीत, अजून मांडी घालता येत नाही. "माझी वाट बघू नको मोती. मी आता लेकीच्या घरची." एवढं बोलली आणि रडली. मला रडणाऱ्या बायकांचा कंटाळा आहे. मी फोन ठेवला. मग मीपण थोडी रडले.

आता अक्षय तृतीयेला पळसदरीचं लग्न. तिथल्या श्रद्धाचं. मांडव आणि हळद आदल्या दिवशी, आणि धवला म्हणून लग्न लावणारी धवलारीण मी! पण धवला एकटीनं म्हणायचा नसतो. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. एकीचा दम सरतो तिथं दुसरीचा लागतो. लग्न उभं असताना मधे खंड पडायला नको. माझा दम आता अर्ध्या ओळीचा. डॉक्टर म्हणतात धुरात बसू नका. हळदीला चूल नसते होय!

दुसरी आणू कुठून? आमच्या गावात कुणाला येत नाही. पोरींना डीजे पाहिजे. मागच्या वर्षी विनिताला, म्हणजे संतोषच्या बायकोला, म्हटलं होतं, शिक. ती म्हणाली, "नको आई. माझा आवाज मोटारीसारखा हाय."

शांतपणे म्हणाली. पण मला कळलं. आठ वर्षांपूर्वी नवीन आली होती भिवपुरीहून. कुणाच्या तरी हळदीत माझ्यामागे गुणगुणायला लागली. मी सगळ्या बायकांसमोर म्हटलं, "सूनबाई, थांब गं, पाण्याची मोटार लागल्यागत आवाज हाय तुझा." बायका हसल्या. त्यानंतर ह्या घरात तिनं एक सूर काढलेला नाही.

मी काय खोटं बोलले? जाडाच आहे आवाज.

बुधवार, ९ एप्रिल

डोकं चालवलं! दुसरी नाही तर मीच दुसरी. माझी ओळ डबीत भरून ठेवायची, मग ती लावायची आणि वर आपण म्हणायचं. जुन्या खोक्यात एकदा असंच केलं होतं, तेव्हा गिरणीत बसून गायल्यासारखं आलं. आज दुपारी हॉलमध्ये बसून भरलं. मांडव घालतात तो पहिला भाग. लाल टिंब दाबायचं की चालू, परत दाबलं की बंद.

लावलं — आणि काय सांगू! घरघर नाही, काही नाही. माझाच आवाज, पण भरल्यासारखा. खाली कुणीतरी हात दिल्यासारखा. सोनुबाई सोबत असायची तेव्हा लागायचा तसा. डबीचा गुण असणार. म्हटलं विनिताला, ऐकलंस का? ती पीठ मळत होती. "चांगलं आलंय," म्हणाली आणि पाठ फिरवली.

जेवताना दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज डबीत आवतणापर्यंत भरत आले. धवल्यात देवांना लग्नाला बोलवायचं असतं, एकेकाचं नाव घेऊन. पण मांडव नसताना नावं घ्यायची नाहीत. आनंदीबाईची सक्त ताकीद. बोलावलेले देव दारात येऊन बसले आणि लग्नच नाही, तर उत्तर काय देणार? म्हणून तिथं येऊन थांबले.

तेवढ्यात अंगणात कोंबड्या शिरल्या! आठ शेर मिरची वाळत घातली होती. धावले. एक कोंबडी मिरची खाऊन अशी नाचत होती की हे बाजेवर पोट धरून हसत होते, उठले मात्र नाहीत. मिरची परत वेचेपर्यंत पाठीचं तुकडं झालं. आत आले तर पडदा काळा झालेला. बंद केलं असेल. आठवत नाही.

रविवार, १३ एप्रिल

श्रद्धाची आत्या पळसदरीहून आली. तिला डबी दाखवली, लावून दाखवली, वर म्हणून दाखवलं. मधेच मला ठसका लागला. डबी थांबली नाही! ती आपली पुढं चाललेली, मी मागं खोकतेय. आत्या पदराआड हसली.

"मोतीबाई, रागावू नका. मांडवात डबी गाणार का? तिला काय हळद लागते का भूक लागते? माणूस आणा. नाय जमलं तर आमी शेलूची बाई बोलावतो, तिची जोडी तयार हाय. येत्या रविवारी सांगा."

शेलूची बाई! ती निम्म्या ओळी गाळते आणि त्यांच्या जागी हूंऽ करते. श्रद्धाच्या आईचं लग्न मी लावलं. आजीचं आनंदीबाईनं लावलं. आणि श्रद्धाचं हूंऽवर लागणार?

पण ठसक्याचं खरं आहे. सोनुबाईला माझा दम सरलेला न बघता कळायचा. डबीला नाही कळत. तिचा दोष नाही. ती गुणी आहे.

मंगळवार, १५ एप्रिल

संतोषनं हेडफोन आणला. "बाबा म्हणतात, दुपारी झोपू दे." ह्यांना सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळीकडे झोपच हवी.

डबीनं विचारलं, सुधारणा करू का? म्हटलं कर बाई. तुझी तरी होऊ दे.

बुधवार, १६ एप्रिल

नीट लिहिते.

सकाळी डबीत भरलेल्याची यादी बघत होते. बाकीचं सगळं चार मिनिटं, पाच मिनिटं. शुक्रवारचं एकच बावन्न मिनिटं! म्हणजे बंद केलंच नव्हतं. डबी आवाज करत असती तर कळलं असतं ना! पुसून टाकणार होते. म्हटलं ऐकू तरी, मिरचीवरनं मी काय काय बोलले. हेडफोन लावला.

आधी माझा धवला. आवतण आलं, मी थांबले. मग "हाड! हाड गं मेल्ये!" आणि माझी पावलं बाहेर. मग काही नाही. एवढी शांतता की पाल चुकचुकली तीपण ऐकू आली. मग स्वयंपाकघरातून भाकरीची थाप. थाप, थाप. आणि थापेवर कुणीतरी धवला म्हणायला लागलं. मी सोडला होता तिथूनच.

मी थांबले. ती थांबली नाय!

गावदेवीला बोलावलं. वेशीवरच्या बहिरीला बोलावलं. एकवीरा आईला बोलावलं. एकामागून एक, रांगेनं, एक नाव इकडचं तिकडं नाही. तळ्याच्या पाण्याखाली गेलेल्या म्हसोबालासुद्धा! त्याला मी गेल्या साली दोनदा विसरले, सोनुबाईनं कोपर मारून आठवण दिली होती. सगळे देव बोलावून झाले तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि ती म्हणाली, "आले आले." कुकरला.

मग मी नऊ तारखेचं लावलं. हेडफोननं. विनिता माझ्या मागे आहे. मी ओळ टाकते, ती उचलते. हळू, तोंडातल्या तोंडात, पण उचलते. मला जिथं दम लागतो तिथं ती आधीच आहे. मला वाटलं डबीचा गुण!

आठ वर्षं ती माझ्यामागे म्हणत असेल. मीच मोठ्यानं म्हणत असते, त्यामुळे मला कसं ऐकू येणार? आणि म्हणत नसले तेव्हा तो खोका घरघरत असायचा.

आवाज मोटारीसारखा नाही. जाडा आहे, खाली बसणारा. जोडीला तसाच लागतो. माझा बारीक, वर पळणारा. सोनुबाईचापण एवढा बसत नव्हता. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. चारचौघीत हसू काढायच्या नादात कळलं नाही.

संध्याकाळी ती रोजच्यासारखी तिच्या अंगणवाडीची माहिती भरायला डबीपुढे बसली. मी मागे उभी राहिले. तोंड उघडलं. म्हटलं, "भात झाला का?"

"झाला आई."

संपलं. माफीबिफी मला येत नाही. कधी मागितलेली नाही, कशी मागतात तेही माहीत नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

संतोषला विचारून रोजनिशीचं कुलूप काढलं. दोन टिचक्यांत निघालं. आता हे पान पडद्यावर उघडं ठेवून मी मिरची कुटायला चाललेय.

विनिता, तू माहिती भरायला बसशील तेव्हा आधी हे दिसेल. दोन तारखेपासून सगळं वाच. सात तारखेचं दोनदा वाच. ते मोटारीचं मी चुकीचं बोलले होते, तेव्हाही आणि लिहितानाही. मग हेडफोन लावून शुक्रवारचं ऐक.

मांडव नसताना सगळे देव बोलावून बसलीयेस तू. आता त्यांना सांगायचं काय? पळसदरीला मांडव आहे. माझ्या डाव्या हाताला बस, त्या कानानं मला बरं ऐकू येतं. रविवारी आत्या विचारायला येणार. मला शनिवारी दिवेलागणीच्या आत सांग, हो का नाय.