हिचे डास

मंगळवार, ४ मार्च
काल दुपारी ही गेली. आज सकाळी सगळं उरकलं. आम्ही मोजकीच माणसं होतो. परतताना रस्ता बंद – सिनेमातला तो लाडका नटही कालच गेला. त्याला पाहायला सगळं शहर लोटलंय.

बुधवार, ५ मार्च
पेपरभर तोच. ही आतल्या पानावर, चार ओळींत, टायरच्या जाहिरातीखाली. ‘संशोधिकेचे निधन.’ जन्मभर डास मारायच्या औषधांवर काम केलं, त्याबद्दल अक्षर नाही.

भेटायला आलेले टीव्हीसमोर बसले. मेहुणीने डोळे पुसले, मग ओशाळली. “भाऊजी, बंद करू का?” म्हटलं, असू दे. ही असती तर तीही तिथेच बसली असती. तिला आवडायचा तो. मलाही.

गुरुवार, ६ मार्च
हिच्या प्रयोगशाळेतल्या सहकारी बाईंचा फोन. नटाच्या दुखवट्याची सुट्टी, आणि हिचे डास उपाशी. कुठल्याच औषधाला दाद न देणारी ही पैदास हिने जपली होती. नवं औषध त्यांच्यावरच तपासतात. माद्यांना रक्त मिळालं नाही तर अंडी नाहीत. म्हणजे सगळं संपलं.

“मी पुलावर अडकलेय. त्याची अंत्ययात्रा आज निघालीय, गर्दी हलत नाही. तुम्ही चालत जाल?”

गेलो. पहारेकरी म्हणाला, “सुट्टी आहे, साहेब.” डासांना खायला घालायचंय, म्हटलं.

“मग आमच्या चौकीतले न्या की. हवे तेवढे.” मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. “मॅडमचे तुम्ही…?” कुलूप काढलं.

जाळीचा पिंजरा. तळाशी मेलेल्यांचा थर. बाईंनी फोनवर सांगितलं तसा हात आत घातला. ही स्वतःचाच हात द्यायची म्हणे. ते लाल ठिपके मला ॲलर्जी वाटायचे.

एकही बसेना. हिचं एवढंच उरलंय, तेही माझ्यासमोर जातंय. रडलो. हात हलवायचा नाही, एवढंच भान ठेवलं.

बऱ्याच वेळाने एक बसली.

शुक्रवार, ७ मार्च
उठून करायचं काय?

रविवार, ९ मार्च
बाईंचा फोन. पाण्याच्या वाटीत अंडी दिसली. थोडीच, पण आहेत. “मंगळवारी परत रक्त द्यावं लागेल. याल? आणि साबण लावू नका, त्या वासाने बसत नाहीत त्या.”

मंगळवार, ११ मार्च
आंघोळ केली. नुसत्या पाण्याने.