करदोड्यातलं नाणं

मावला, आदिलाबाद
१२ जानेवारी २०२५

चि. साक्षीस,

सप्रेम जय भीम. आम्ही दोघं बरे आहोत. तुझा हर्षदीप तर फारच मजेत आहे, हे आधी नीट वाच आणि मग पुढे जा. तुझं वरंगलचं ट्रेनिंग कसं चाललंय? इथे थंडी मी म्हणतेय.

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी बोबडी वळते, म्हणून हे पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतोय.

तुझ्या सासूबाईंनी, भागाबाईंनी, पोराच्या कमरेला करदोडा बांधला, त्यावर मी अंधश्रद्धा म्हणून केवढं तोंडसुख घेतलं होतं! परवा आंघोळ घालताना पाहिलं, तर त्यात ओवलेलं नाणं निजामाच्या काळातलं, कांस्याचं, मधोमध भोक असलेलं दोन पैचं. इतकी वर्षं नाणी जमवतोय, पण माझ्या डब्यात हे नव्हतं. झालं, माझी बुद्धी फिरली. गाठ सोडली, नाणं पलंगावर ठेवलं आणि सन वाचायला भिंग आणायला गेलो. परत येतो तर नाणं गायब आणि साहेब ओठ चाटतायत.

तुझी आई कडाडली, "तुमी पोट्टं सांभाळून राह्यले का नाणे?" शेजारच्या पंकजच्या ऑटोतून दवाखाना गाठला. एक्स-रेत पोटात गोल कडं, मधल्या भोकासकट. डॉक्टर म्हणाले, "एम् कादु, काही होत नाही. पोटात उतरलंय, आपोआप पडेल. लक्ष ठेवा."

तेव्हापासून तुझा फोन आला की 'तो झोपलाय' म्हणत होतो, ते खोटं होतं. तो माझ्या मांडीवर बसून केळी खात होता आणि मला घाम फुटत होता.

आज सकाळी पडलं एकदाचं! मी त्याच्या शीच्या भांड्यापुढे बसून रडलो गं. तुझ्या आईने नाणं चिंचेने लख्ख घासलं. जुन्या नाण्याचा रंग असा काढायचा नसतो, एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. आज म्हटलं, घास बाई, हवं तेवढं घास.

भागाबाईंना मीच फोन करून सांगेन, ते तुझ्यावर नको. तू रागाव, हक्काने रागाव. फक्त रागाच्या भरात त्याला न्यायला धावत येऊ नकोस. तो गेला तर हे घर आम्हाला खायला उठेल.

लेकरू अजूनही माझ्या हाती ठेवशील, या आशेवर असलेला,
तुझा बाबा