एका अणूची धास्ती

३ डिसेंबर
कॉलेजच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागलो. ही नोकरी सोडायची नाही. भेड़ाघाटला संगमरवर घासणं, गढ़्यात मोबाइल दुरुस्ती, संपलं ते सगळं. आईने घोड्याच्या नालेची अंगठी बोटात ठोकून बसवली. म्हणाली, शनी उतरेल, एका जागी टिकशील बाप्पा.

४ डिसेंबर
घात! इथे संशोधन करणारी जया दीदी पहिल्याच तासाला म्हणाली, भैया, हे मशीन एकेक अणू स्क्रीनवर दाखवतं, याच्याजवळ लोखंड नाही आणायचं. आत निओबियम धातूचा तुकडा आहे. भयंकर थंडीत त्यातले इलेक्ट्रॉन जोडीने चालतात, म्हणून करंट कुठे अडखळत नाही. लोखंडाचा एक अणू बसला की आसपासच्या जोड्या तुटतात.
एक अणू!! हात खिशात घातला.

संध्याकाळ
अंगठी निघत नाही. साबण झाला, तेल झालं. बोट सुजून राहिलं. वरून पट्टी बांधली.

६ डिसेंबर
दीदी म्हणे, काहून रे पट्टी? म्हटलं, चहाने पोळलं. म्हणे, बोट बुडवून पितोस काय? मी हसलो.
ठरवलं, सगळं शिकायचं. दीदी तुकडा दांड्याने भट्टीत कसा सरकवते, तापवून कसा साफ करते, पाहिलं. आलंच बहुतेक. पुढचा प्लॅन सांगत होती, तेवढ्यात खिडकीत माकड आलं. प्लॅन ऐकायचा राहिला. खास काही नसेल.

९ डिसेंबर, दुपार
मेलो. स्क्रीनवर सपाट मैदान आणि मध्ये एक टेकाड. माझ्याच अंगठीचा कण! दीदीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती लॅबच्या मोठ्या सरांना फोन लावायला बाहेर धावली. तक्रार, दुसरं काय. सर भोपाळला आहेत, उद्या येतील. दीदी चेरीतालला घरी गेली. कुलूप लावायचं काम माझं.

संध्याकाळ
केलं एकदाचं. तुकडा भट्टीत, बटण चालू, लालभडक. मग परत जागेवर. आता शोधू दे सरांना.

१० डिसेंबर
सर स्क्रीन पाहून म्हणाले, जया, इतना साफ तो कभी नहीं हुआ. छाती फुगली. दीदी पांढरीफटक. म्हणाली, मेरा वाला एटम कहाँ गया? म्हटलं, घाबरू नका दीदी, मीच साफ केला.
ती स्टुलावर बसली ती उठेना. लोखंडाचा तो अणू तिनेच मुद्दाम बसवला होता म्हणे. किती महिने झटून. जोड्या कशा तुटतात, तेच पाहायचं होतं. आता असं कोणी मुद्दाम करतं का?
सर हळूच म्हणाले, किल्ली ठेव, घरी जा. उद्या येऊ नको. परवाही नको.
समजदार माणूस. मी किती दमलोय, बरोबर ओळखलं.