मालकांच्या आवडीचं गाणं

११ फेब्रुवारी

पुण्याच्या ऑफिसातून गाण्यांची नवी यादी आली. नवी कसली! तीच ढमढम गाणी खालीवर केलेली. एकाला तर कडवंच नाही, नुसतं हुंकारणं. मी रिक्षात असले आणि आमचं रेडिओ स्टेशन लागलं, तर रिक्षावाल्याला बदलायला सांगते — माझंच स्टेशन!

आणि दुपारी म्हणायचं, "सांगलीकर, ही तुमचीच फर्माईश!" फोन आदल्या दिवशी रेकॉर्ड करायचे, यादीतलं गाणं मागायला लावायचं. लोक हसत हसत मागतातही. आज शिराळ्याकडच्या विजयमालाबाई काही केल्या ऐकेनात. "नगं ताई, हेच जुनं लावा. आमच्या मालकांना लय आवडायचं. उद्या त्यांचं वर्षश्राद्ध हाय."

ते भावगीत आमच्या कॉम्प्युटरवरच नाही. स्टेशनप्रमुख जयराजसरांना विचारलं. "श्राद्ध-बिद्ध काप. पुढे यादीतलं जोड."

कापलं. जोडलं. मग चहा प्यायला गेले.

१२ फेब्रुवारी

लागलं. बाईंचं "आमच्या मालकांना लय आवडायचं", त्यावर मी खिदळत — "वा! काय रोमँटिक जोडी!" — आणि लगेच ते कंबर आणि बाटलीचं गाणं.

संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन. साक्षी नाव. ओरडली असती तर बरं झालं असतं. पंगत बसलेली, फोटोसमोर रेडिओ ठेवलेला, भावकीला मुद्दाम थांबवलेलं. बाईंचे थोरले दीर भरल्या ताटावरून उठले — "माझ्या भावाचं श्राद्ध हाय का चेष्टा?"

जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी

माफी मागायला फोन केला, तर बाईच माझी माफी मागायला लागल्या! "आवं ताई, माझंच चुकलं आसंल. गाण्याचं नाव नीट सांगाया आलं न्हाई. थोरलं दीर बोलत न्हाईत माझ्याशी. पर तुमी नका वाईट वाटून घिऊ."

आणि मी? "असू दे हो, होतं असं," म्हणाले. म्हणाले!

१४ फेब्रुवारी

जयराजसर खूश. "ती म्हातारी काय भारी होती! अजून असल्या शोध." मी हसले.

१६ फेब्रुवारी

गाणी टुकार झालीत म्हणून इथे किती पानं खरडली. जणू मी नुसती ऐकणारी! यादी पुण्याची, पण कात्री माझीच. आणि बोलणी खातेय ती बाई. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आईलाही सांगता आलेलं नाही.

१७ फेब्रुवारी

बोलले! भर दुपारी, फर्माईशमध्येच. बाईंनी ते गाणं मागितलंच नव्हतं, मी कापलं, मी जोडलं, दोष त्यांना देऊ नका — सगळं, माझ्या नावासकट. त्यांचं जुनं गाणं घरून पेनड्राइव्हवर नेलं होतं, ते पूर्ण लावलं. जयराजसर काचेपलीकडून हातवारे करत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "रेश्मा, उद्यापासून येऊ नकोस."

नोकरी गेली आणि मी घरी येऊन पोटभर जेवले.

१८ फेब्रुवारी

साक्षीला फोन केला — ऐकलं ना सगळ्यांनी?

"कवा? न्हाई वो ताई. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशीच आत्तींनी रेडिओ भंगारवाल्याला दिला. आन् थोरलं मामंजी तर आमच्या दारातबी येत न्हाईत."

म्हणजे त्या थोरल्या दिरांच्या दारात मलाच जावं लागणार. तिथे उभं राहून, त्यांच्या तोंडाकडे बघत सांगावं लागणार. शिराळ्याची पहिली एसटी किती वाजता, ते विचारून ठेवलंय.