बधिर बोटांनी पाहिलेली नाडी

मी, खाली सही करणारा, वय एक्काहत्तर, व्यवसाय वैद्यकी, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. भूक, झोप, पोट तिन्ही ठीक आहे. आम्हा वैद्यांच्या लेखी माणूस शाबूत असल्याचा याहून मोठा दाखला नाही.

१. राहते घर व खालचा दवाखाना मुलीला. कपाटातल्या वह्यांत प्रत्येक रोग्याची प्रकृती लिहिली आहे, वाताची, पित्ताची की कफाची. एकच ताप तिघांना तीन तऱ्हांनी येतो, म्हणून औषधाआधी वही उघडावी. जावयांना काही नाही. त्यांचा जठराग्नी मंद आहे हे मी लग्नाआधीच सांगितले होते, कोणी मनावर घेतले नाही.

२. नाडी तीन बोटांनी पाहतात: पहिल्याखाली वात, दुसऱ्याखाली पित्त, तिसऱ्याखाली कफ. माझी ही तिन्ही बोटे चार वर्षांपूर्वी बधिर झाली. मी कोणाला बोललो नाही. रोग्याला भूक-झोप विचारायचो, जीभ-डोळे बघायचो आणि मनगट नुसते धरायचो. निभावून गेले. बायकोने हात पुढे केला तेव्हा मात्र काहीच विचारले नाही. घरच्या माणसाला काय विचारायचे? "काही नाही, वात वाढलाय," एवढे म्हणालो. अकराव्या दिवशी ती गेली. मला रडू आले नाही, अजून येत नाही. आतून बधिर झालो आहे, एवढेच कळते.

३. ती गेल्यावर, औषध कुटण्यात कंपाउंडरची चूक झाली असे मी चारचौघांत सांगितले आणि वीस वर्षे सोबत असलेल्या त्या माणसाला काढून टाकले. ते धादांत खोटे होते. चूक माझी. हे कलम दवाखान्यात, रोग्यांसमोर मोठ्याने वाचावे. दगडी खल त्याला द्यावा.

पुरवणी, आजच दुपारी. खलाबाबतचे वाक्य रद्द. कंपाउंडरला बोलावून वरील मजकूर वाचून दाखवला. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. तो म्हणाला, मग खल नको, साक्षीदार होतो. सही करून झाल्यावर बोलला, "तुमच्या बोटांचं वहिनींना ठाऊक होतं. मी म्हटलं होतं, दुसरीकडे दाखवून या. तर म्हणाल्या, मीच दुसरीकडे गेले तर ह्यांच्याकडे कोण येईल?"

तो बोलला तसे लिहून ठेवले आहे. यात कोणी फेरफार करू नये.

सही: वैद्य
साक्षीदार: १. कंपाउंडर २. शेजारचे शिंपी
ठिकाण: दवाखाना. दिनांक: १४ मार्च