बाबांची मस्टँग, लेनीची जीटीओ

रॉयल ओक, मिशिगन
रविवार

प्रिय लेनी,

एक विचारायचंय, हसू नकोस. तुझी जीटीओ सिग्नलवरून सुटताना आधी नाक वर करायची की आधी मागून ढकलायची? बाबांनी विचारलं आणि मला काही केल्या आठवेना. गेले दोन महिने जेवायला बसलं की हाच विषय. पंचवीस वर्षं ज्यांनी तुझं नाव तोंडातून काढलं नाही, ते तुझ्या गाडीची चौकशी करतात. तुझी नाही हं, फक्त गाडीची.

मी आपली आठवेल तसं सांगते. बाबांची मस्टँग लाथ मारून निघायची. आईच्या मांडीवरचा बटाट्याच्या सॅलडचा डबा एकदा थेट माझ्या अंगावर आला होता. शेजारच्या एडीची चार्जर गाडी दिसायला राजबिंडी, पण वळवायची म्हणजे जिन्यातून सोफा उतरवणं. तुझी जीटीओ वेगळीच. तिच्यात वेग कळायचाच नाही, वुडवर्ड अव्हेन्यूवरची दुकानं मात्र भराभर मागे पडायची. हे ऐकलं की बाबा नाक मुरडतात, 'मऊ सीटचं कौतुक पुरे, ओढ कशी होती ते सांग' म्हणतात. सत्तरी उलटली, पण खोड गेली नाही.

फोर्डच्या कारखान्यात मस्टँग जोडणाऱ्या माणसाच्या घरात दुसऱ्या कंपनीची, पॉन्टिअ‍ॅकची जीटीओ! तू बिचारा ती दोन गल्ल्या पलीकडे, चर्चमागे उभी करायचास, तरी शेवटी भडका उडालाच. 'ती गाडी वीक, नाहीतर घर सोड,' असं बाबा म्हणाले आणि तू किल्ली उचललीस. तू गेलास ते टोलिडो काही चंद्रावर नाही रे, तासाभराचा रस्ता. पण दोघेही सारखेच हट्टी.

तर परवा गंमत झाली. कॉफी ढवळता ढवळता बाबा म्हणाले, "दुसरा गिअर टाकला की समोरच्या कप्प्याचं झाकण अजून धाडकन उघडतं का गं?" हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. "बाबा, तुम्हाला कसं ठाऊक?" शेवटी कबूल केलं. तू एडीबरोबर मासे धरायला गेला होतास, किल्ली खुंटीवरच्या तुझ्या जाकिटात होती. टोपी डोळ्यांवर ओढून, कुणी ओळखू नये अशा बेतानं, त्यांनी वुडवर्डवर फेरी मारली होती. कशी होती, विचारलं तर म्हणाले, "माझ्यापेक्षा सरस." मग तेव्हाच का नाही बोललात, म्हणून मी भांडलेच. म्हणाले, "स्वतःच्या हातांनी जोडलेली गाडी हरली गं. म्हणून तर त्याच्यावर एवढा चिडलो."

हे तुला कळवायचं नाही, अशी मला ताकीद आहे. आणखी एक गोष्टही सांगायची नव्हती. या वसंत ऋतूपासून त्यांना दिसत नाही, आणि दृष्टी परत येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. काल जेवताना त्यांनी गाडीचं काहीच विचारलं नाही. ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "लेनीचे केस माझ्यासारखेच गेले असतील का गं?" तू ख्रिसमसला फोटो पाठवतोस, मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. तू ये लेनी, आणि त्यांच्यासमोर डोकं वाकव. हात फिरवून त्यांचं त्यांनाच पाहू दे.

तुझीच,
जोअ‍ॅन